चाळीसगावचा गाळा, नाशिकची वाईन आणि मे महिना

पत्र : माझी चाळीसगावात बिअर शॉपी आहे, परवाना एफएल/बीआर-२. शेजारचा तीनशे चौरस फुटांचा गाळाही आमचाच, रिकामा पडून आहे. तिथे नाशिककडच्या छोट्या वायनरींची वाईन ठेवावी, लोकांना ग्लासातून थोडी थोडी चाखायला द्यावी, आवडली तर त्यांनी बाटली घेऊन जावी, असं डोक्यात आहे. खाण्याचं बायको बघेल, तिच्या हातची शेवभाजी आणि भरीत गावात नावाजलेलं आहे. एक पुरवठादार पंचवीस लेबलं, म्हणजे पंचवीस वेगवेगळ्या वाईन, लावून द्यायला तयार आहे. मित्र म्हणतात, आपल्याकडे वाईन कोण पितं, आणि मेमध्ये तर बाटल्या शिजून निघतील. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर :

भाऊ, मित्रांचं शिजण्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ‘कोण पितं’ हे मात्र त्या शिजण्याचंच फळ आहे. आपल्याकडे ‘वाईन शॉप’ अशी पाटी दिसली की आत व्हिस्की, रम आणि क्वार्टरची रांग असते. खरी वाईन सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाईटला चिकटून, दोन-दोन उन्हाळे उभी. कुणीतरी ती हौसेने नेतो, घरी उघडतो, तोंड वाकडं करतो आणि ‘वाईन आंबट असते’ म्हणून मोकळा होतो. तुमच्या गिऱ्हाइकाने वाईन प्यायलेलीच नाही, असं समजू नका. त्याने खराब झालेली प्यायली आहे.

आधी परवान्याचं, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया. एफएल/बीआर-२ वर सीलबंद बिअर आणि वाईन विकता येते. त्या जागेत बाटली उघडून पाजता येत नाही, पैसे न घेता घोटभर दिली तरीही नाही. जागेवर पाजायला परमिट रूमचा एफएल-३ किंवा सौम्य मद्यापुरता वेगळा परवाना लागतो. जळगावच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात गाळ्याचा नकाशा घेऊन जा आणि कोणता नमुना लागू होतो ते लेखी विचारा. तोवर दोन गाळ्यांमधली भिंत फोडू नका. मंजूर नकाशा बदलला की चालू परवानाही अडचणीत येतो. दोन परवाने म्हणजे दोन रजिस्टरं. शॉपीतली बाटली ‘जरा दे रे’ म्हणून बारमध्ये न्यायची सवय पहिल्याच दिवशी मोडा. खाणं देणार म्हणजे अन्न परवानाही आला. शाळा, मंदिर आणि हायवे यांच्यापासूनचं अंतर टेपने मोजून घ्या, अंदाजावर राहू नका. दारूची जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे ‘शनिवारी वाईन टेस्टिंग, या या’ असं बॅनर चौकात लावता येणार नाही. आणि महाराष्ट्रात बायकांनी मतदानाने बाटली आडवी केल्याची उदाहरणं कमी नाहीत. काळी काच, हिरवा बल्ब, पडदा असलं काही लावू नका. रस्त्यावरून आतली टेबलं दिसली पाहिजेत.

आता धंद्याचं. सीलबंद बाटली विकण्याचा हिशेब तुम्हाला येतोच. टेस्टिंग बारचा धंदा उघड्या बाटलीचा आहे आणि तो हिशेब निराळा असतो.

समजा एक बाटली तुम्हाला ७०० रुपयांना पडली. ७५० मिलीतून ३० मिलीचे २५ घोट निघतात. सांडलवंड आणि तुम्ही स्वतः तपासायला घेतलेला घोट सोडून २३ धरा. घोटाला ५० रुपये लावले तर ११५०. कागदावर छान दिसतं. पण ती बाटली शुक्रवारी उघडली आणि रविवार रात्रीपर्यंत नऊच घोट गेले, तर हातात ४५० आले आणि उरलेली वाईन मोरीत. चौदा घोट गेल्याशिवाय मुद्दलच सुटत नाही. पंचवीस लेबलांतली दहा जरी एका वेळी उघडी ठेवलीत, तर चाळीसगावात आठवड्याला एकशे चाळीस घोट निव्वळ मुद्दलासाठी विकावे लागतील. वीज, माणूस वेगळं. पंचवीस लेबलं पुरवठादाराच्या सोयीची आहेत.

म्हणून रोज उघडा बार ठेवण्याऐवजी बॅच लावा. शनिवारी संध्याकाळी दोन बॅच, प्रत्येकी बारा माणसं, आधी नाव नोंदवून. चार वाईन, प्रत्येकी ३० मिली. चोवीस माणसांना एक बाटली जवळजवळ नेमकी पुरते, रात्री दहाला चारही रिकाम्या, मोरीत काही जात नाही. एकच बॅच जमली तर ३७५ मिलीची अर्धी बाटली बाराजणांना पुरते. म्हणून लेबल निवडताना ‘अर्धी मिळते का’ हा प्रश्न आधी विचारा. आठवड्याच्या इतर दिवशी दोनच बाटल्या उघड्या ठेवा, एक व्हाईट आणि एक रेड, ग्लासाच्या भावाने.

माप म्हणून परमिट रूमचं ३० मिलीचं पेग मेजरच वापरा. अंदाजाने ओतणारा पोरगा हमखास ४५ ओततो आणि तेवीसचे पंधरा घोट होतात.

उरलेली उघडी बाटली टिकवायला हातपंपाचं रबरी बूच पुरे. हवा काढून फ्रीजमध्ये ठेवली तर व्हाईटपैकी सव्हिन्यॉ ब्लां दोन दिवस, शनॅ ब्लां तीन, रेडपैकी शिराज किंवा कॅबर्ने तीन-चार दिवस बरी राहते. तिसऱ्या दिवशीची सव्हिन्यॉ बिघडलेली नसते, पण वास गेलेला असतो, म्हणजे पैसे घेण्यासारखं तिच्यात काही उरत नाही. स्पार्कलिंगला पंप लावू नका, तो बुडबुडेच ओढून काढतो. तिला क्लिपचं बूच, आणि दुसऱ्या दिवशी संपवायची. उघडलेल्या प्रत्येक बाटलीवर तारीख-वेळेची चिठ्ठी चिकटवा. परदेशी पुस्तकांत एक युक्ती असते : मोठी बाटली उघडल्याबरोबर अर्धी वाईन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. युक्ती चांगली आहे, पण इथे करू नका. परवान्याच्या जागेत लेबल नसलेली भरलेली बाटली सापडली की ती भेसळीचा माल समजली जाते आणि तुम्ही खुलासे देत बसता.

लेबलं आठ ठेवा : तीन व्हाईट, एक रोझे (गुलाबी वाईन), तीन रेड, एक स्पार्कलिंग. बारा-बाराची एक पेटी धरली तर ९६ बाटल्या, तुमच्या गाळ्याला झेपतील इतक्या. २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, गिऱ्हाइकाला सांगायला ते चांगलं. पण ‘छोटी वायनरी’ हा शब्द जरा तपासून वापरा. यॉर्क ही वायनरी २०२१ पासून सुला या मोठ्या कंपनीच्या मालकीची आहे. वाईन त्यामुळे वाईट होत नाही, फक्त स्वतंत्र छोटा उत्पादक म्हणून ती पुढे करू नका. निफाडकडची रेव्हेलो ही वायनरी ग्रिलो, नेरो दाव्होलासारख्या द्राक्षाच्या इटालियन जाती लावते, इगतपुरीकडची व्हॅलोने फ्रेंच वळणाची. अशा दोन-तीन ठिकाणी स्वतः जा, तिथे चाखा, आणि प्रत्येकाकडून दोन-तीनच लेबलं उचला.

घेताना बाटलीवरचं साल वाचा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च काढणी, हे द्राक्षाचं गणित तुमच्याकडच्या बागायतदारालाही पाठ असतं. म्हणजे नोव्हेंबरात यंदाचं साल असलेली व्हाईट मिळायला हवी. व्हाईट आणि रोझे दोन वर्षांवर जुनी घेऊ नका. मोठ्या शहरात न खपलेलं जुनं साल ‘स्कीम’ लावून छोट्या गावांत उतरवलं जातं, आणि पंचवीस लेबलांच्या यादीत ते सहज लपतं. यादीवर प्रत्येक लेबलापुढे साल लिहून मागा. पुरवठादार टाळाटाळ करायला लागला की काय ते कळलं.

आता मे महिना. इथे जरा थांबून वाचा.

७५० मिलीच्या बाटलीत कॉर्कखाली मोकळी जागा असते जेमतेम दीड सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच मिली. वाईन वीस अंशांवरून पंचेचाळीसवर गेली की सात मिलीच्या आसपास फुगते. ती फुगायला जागाच नाही, मग ती कॉर्कला वर ढकलते आणि कडेने पाझरते. रात्री गार झाली की आकसते आणि त्याच फटीतून हवा आत ओढते. असे चार दिवस-रात्र गेले की बाटली संपली. बाहेरून ओळखायचं कसं? मानेवरच्या आवरणावरून अंगठा फिरवा. वरचा भाग सपाट न लागता फुगीर लागला, किंवा कडेला चिकट ओघळ सुकलेला असला, तर ती गेली. चवीला भाजलेल्या फळाच्या मुरंब्यासारखी लागते, व्हाईटचा रंग पिवळाजर्द होतो आणि चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो. स्क्रू कॅपच्या बाटलीत मोकळी जागा जास्त असते, त्यामुळे ती पाझरत नाही. पण आतली वाईन शिजतेच, फक्त बाहेर पुरावा दिसत नाही. तरी आपल्या हवेत स्क्रू कॅपच बरी.

साठवणीला १३-१४ अंश उत्तम. सहा महिन्यांत विकली जाणारी वाईन १८ वरही चालते, पण ते १८ रात्रंदिवस १८ राहिले पाहिजेत. दिवसा एसी लावून रात्री बंद करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. त्यापेक्षा कायम २०-२१ बरे.

आणि यासाठी पुण्या-मुंबईहून ‘वाईन सेलर’वाला बोलवायची गरज नाही. रावेर-सावद्याकडे केळी पिकवायच्या आणि साठवायच्या खोल्या बांधणारे कारागीर आहेत. केळी १३-१४ अंशांवरच ठेवतात, त्याच्या खाली गेली तर साल काळी पडते. म्हणजे तुम्हाला हवं तेच तापमान ते लोक वर्षानुवर्षं राखत आले आहेत. गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात सहा बाय सहा फुटांची पफ पॅनलची (आत फोम भरलेल्या पत्र्याची) खोली त्यांच्याकडून करून घ्या. पॅनल ६० मिलिमीटरचं, दार रबरी पट्टीचं, आणि पश्चिमेच्या भिंतीपासून चार इंच सोडून. साधा स्प्लिट एसी १६ च्या खाली जात नाही, म्हणून १४ हवे असतील तर छोटं कंडेन्सिंग युनिट, म्हणजे शीतगृहाचं मशीन, लागेल. बजेट नसेल तर एसीवर १८ ला सुरुवात करा. कारागिराला एक गोष्ट बजावून सांगा : केळीच्या खोलीत ओल नव्वद टक्क्यांच्या वर ठेवतात, तुम्हाला साठ-सत्तर पुरे. नव्वदला लेबलांवर बुरशी चढते आणि बाटली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या लायकीची राहत नाही. ‘कशाला खर्च, माझ्याच केळीच्या खोलीत ठेव’ असं कुणी नातेवाईक म्हणाला तर हात जोडा.

थर्मामीटर खोलीत हवेत टांगू नका. रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्याचा प्रोब त्यात बुडवा. लाईट गेल्यावर हवा तासाभरात तापलेली दिसते आणि तुम्ही घाबरता, पण बाटलीतलं पाणी जागचं हललेलं नसतं. पेट्या भिंतीला न लावता मधोमध एकावर एक रचल्या आणि दार उघडलं नाही, तर तीन-चार तासांचं लोडशेडिंग निभतं. त्याहून जास्त वेळ लाईट जात असेल तर जनरेटरच हवा. घरगुती इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर चालवायचा प्रयत्न करू नका.

शॉपीतला काचेच्या दाराचा बिअरचा फ्रीज व्हाईटला चालेल, ८ अंशांवर लावून. फक्त त्यातली ट्यूब बंद करा. पारदर्शक बाटलीतली रोझे त्या उजेडाखाली काही आठवड्यांत ओल्या लोकरीसारखा वास मारायला लागते, आणि गिऱ्हाईक दोष वायनरीला देतं.

वाहतूक. नाशिकहून मालेगावमार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, पण बंद टेम्पो दुपारी ढाब्यावर तासभर उभा राहिला की सगळं वर्ष वाया गेलं समजा. एप्रिल ते जूनचा माल फेब्रुवारीतच भरून ठेवा. सहा बाय सहाच्या खोलीत तीस पेट्या आरामात बसतात. उन्हाळ्यात मागवावाच लागला तर गाडी रात्री निघून पहाटे पोचेल अशी ठरवा आणि टीपी (मालवाहतुकीचा पास) त्याच वेळेचा काढायला सांगा. उतरवताना प्रत्येक थरातली एक पेटी फोडून बाटली हातात धरा. काच कोमट लागली म्हणजे वाईन तुमच्या हातापेक्षा गरम आहे. ती पेटी चलनावर शेरा मारून परत पाठवा. ही अट आधीच कागदावर घ्या, कारण माल उतरल्यावर कुणी ऐकत नाही. आलेली वाईन दोन-तीन दिवस पडू द्या, मग टेस्टिंगला घ्या.

पाजतानाचं तापमान : स्पार्कलिंग ६ ते ८, व्हाईट ८ ते १०, रोझे १० ते १२, रेड १६ ते १८. ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य युरोपातल्या गार दगडी घरातलं आहे. चाळीसगावची मेमधली खोली ३८ ची असते. रेड बाटली पाजण्याआधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये घाला, गिऱ्हाईक काहीही म्हणो. गरम रेडमधून आधी स्पिरिटच नाकात चढतं, फळ मागे राहतं.

ग्लास एकच प्रकारचे घ्या, वर निमुळते, दोनशे मिलीच्या आसपासचे, चार डझन. बोअरचं पाणी जड, सुकलं की काचेवर पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचा हात आरओच्या पाण्याने. साबणाचा वास राहिला तर स्पार्कलिंगचा फेस ताबडतोब बसतो.

वासाची गोष्ट निघालीच आहे तर, अगरबत्ती. संध्याकाळची दिवाबत्ती दुकानात होणारच, पण ती शॉपीकडे करा आणि बॅचच्या निदान एक तास आधी. मोगऱ्याच्या धुरात कुठलीच वाईन कळत नाही. काळ्या मसाल्याच्या फोडणीचंही तेच, त्यामुळे स्वयंपाक घरी, गाळ्यात फक्त गरम करायचं. तोंडात तंबाखूचा बार धरलेल्या माणसाला चूळ भरायला लावल्याशिवाय ग्लास देऊ नका.

क्रम : कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) व्हाईट, रोझे, रेड, आणि गोड वाईन असेल तर शेवटी. टेबलावर झाकणाचं स्टीलचं भांडं ठेवा, नको असलेला घोट ओतायला. त्याला पिकदाणी म्हणू नका, लोक हात लावत नाहीत. चार घोट मिळून १२० मिली होतात. गावात सगळे दुचाकीवर येतात, आणि कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम इतकीच आहे. नाव नोंदवतानाच ‘घरी सोडायला कोण येणार’ हे विचारून घ्या. एकवीस पूर्ण दिसत नसेल त्याचा आधार बघा, ओळखीतला असला तरी.

तुमच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, शेवभाजीबद्दल एक कटू गोष्ट. तिच्याबरोबर जड रेड देऊ नका. रेडमधला तुरटपणा आणि अल्कोहोल तिखटाला पेटवतात. गिऱ्हाईक पाणी मागतं आणि दोन्हींना नावं ठेवतं. शेवभाजीला किंचित गोडसर शनॅ ब्लां, चांगली गार. भरताचं जमून येतं : हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर, याला सव्हिन्यॉ ब्लां, तिच्यातही तसलाच हिरवा वास असतो. सोबत कळण्याच्या भाकरीचे चार तुकडे. भाजलेले बिबडे (ज्वारीचे पापड) आणि केळीचे खारे वेफर्स स्पार्कलिंगबरोबर ठेवा, त्यांना फारसा खर्चही नाही. मांडे द्यायचे असतील तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईनच हवी. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन आंबट लागते. शेवभाजीची ताटली अर्धी करा, बॅचच्या शेवटी द्या. आधी दिली तर लोक जेवून घेतात.

तक्रारी दोन प्रकारच्या येतील. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर गिऱ्हाईक बरोबर आहे, कॉर्क बिघडलेला आहे, वाद न घालता दुसरी उघडा आणि पहिली वायनरीला दाखवायला ठेवा. गार व्हाईटच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसले आणि ‘काच आहे’ असा आरडाओरडा झाला, तर तो द्राक्षातलाच क्षार आहे, थंडीने खाली बसलेला. एक खडा बोटावर घेऊन चुरडून दाखवा. काच चुरडत नाही.

परवान्याला लागतील ते महिने लागू द्या, खोलीचं काम मात्र पावसाळ्यातच उरका. पहिली बॅच नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या शनिवारी धरा. कार्तिकीची तारीख आधी बघून घ्या, त्या दिवशी ड्राय डे असतो.